घरचं वायरिंग : बाथरूमचा पंखा आणि पहाटेची झोप

(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं. उत्तरं देणारे आमचे मास्तर गोव्यातल्या आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झाले आहेत.)

पावसाळा तोंडावर आला की इन्व्हर्टर आणि अर्थिंगचे प्रश्न येणार, हे ठरलेलं. या खेपेला मात्र टपालात एक्झॉस्ट फॅनच एक्झॉस्ट फॅन! चवथीला घर माणसांनी भरणार, त्याआधी सोय लावून घ्यायची असेल बहुधा. इन्व्हर्टरवाल्यांनी रागावू नये, त्यांची पत्रं पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : आम्ही पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमला लागून असलेलं बाथरूम ८ फूट बाय ५ फूट, उंची ९ फूट. काचेच्या पट्ट्यांची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे मधल्या उभ्या पोकळीत, उघडते. वरच्या पट्ट्या काढून तिथे प्लायवूड बसवलंय आणि त्यात ६ इंची लोखंडी पंखा. सासरे पहाटे साडेचारला आंघोळ उरकून पूजेला बसतात. पंखा लावला की सगळं घर जागं, नाही लावला की छताला काळी बुरशी. दुकानदार म्हणतो, 'सायलेंट' लिहिलेला घ्या. ते खरंच बिनआवाजी असतात का? – एक वाचक, पर्वरी

उत्तर : ताई, खोक्यावर 'सायलेंट' छापायला कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हा तो शब्द सोडून द्या आणि नवा पंखा आणण्याआधी एक काम करा. स्टूलवर चढा, पंखा चालू ठेवा आणि पात्यांपासून हात लांब राखून प्लायवूडवर तळहात घट्ट दाबून धरा. मग अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर धरा, मग उरलेल्या काचांवर. हात ठेवल्याबरोबर आवाज पडला, तर ओरडणारा पंखा नाही, तुमची खिडकी आहे. पातळ प्लाय म्हणजे तबल्याचं कातडं. मोटरची बारीक थरथर त्यावर पडली की खोलीभर घुमते. तुमच्या वर्णनावरून मला तरी निम्मा दोष तिथलाच दिसतो. अशा जागी कितीही महागाचा पंखा लावलात तरी महिन्याभरात तीच रड.

आवाज कसला आहे, तेही नीट ऐका. सगळ्या आवाजांना एकच औषध नसतं. 'खडखड' असेल तर बाहेरच्या शटरच्या पट्ट्या किंवा सैल स्क्रू. एकसुरी 'गुंगुं' येत असेल तर ती मोटर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरच्या लोखंडाची गुणगुण त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झला येते आणि ती भिंतीतून पलीकडच्या उशीपर्यंत पोचते. 'घरघर' आली की बेअरिंग. आणि नुसता वाऱ्याचा 'सूंऽऽ' असेल तर हवेला वाट अपुरी पडतेय. तो आवाज पंखा बदलून जात नाही, वाट मोठी करून जातो.

आता नवा पंखा. आधी हवा किती काढायची ते ठरवू. ८ गुणिले ५ गुणिले ९, म्हणजे ३६० घनफूट. घरगुती बाथरूममधली हवा तासाला ८ वेळा बदलली की पुरे, असा सर्वसाधारण हिशोब धरतात. ३६० गुणिले ८ म्हणजे २८८० घनफूट तासाला, मिनिटाला ४८. यालाच सीएफएम म्हणतात. आपल्याकडच्या खोक्यांवर बऱ्याचदा घनमीटर प्रति तास असा आकडा असतो, सीएफएमला १.७ ने गुणलं की तो मिळतो. तुमचे झाले साधारण ८२. हिशोब अवघड वाटत असेल तर अमेरिकेतले फॅनवाले वापरतात ती सोपी रीत आहे : जमिनीच्या दर चौरस फुटाला १ सीएफएम. तुमचं बाथरूम ४० चौरस फुटांचं, म्हणजे ४०. पण ५० च्या खाली उतरायचं नाही, असा त्यांचाच दंडक. फिरून फिरून आकडा तिथेच येतो.

दुकानात ६ इंची घरगुती पंखे पाहिलेत तर बऱ्याच खोक्यांवर १५० ते ३०० घनमीटर असं काहीतरी दिसेल. हा आकडा मोकळ्यावर मोजलेला. पुढे जाळी, शटर, पाइप आला की त्यातला बराच भाग गळतो. तरी तुमच्या ८२ ला पुरून उरतो. याचा अर्थ तुम्हाला जोरदार पंख्याची गरज नाही, सावकाश फिरणाऱ्याची आहे. दुकानदाराला नेमकं हेच पटत नाही, कारण त्याच्या लेखी गिऱ्हाईक वारा बघून पैसे देतं.

म्हणून खोकं हातात घेतल्यावर पहिला आकडा बघायचा तो फेऱ्यांचा, आरपीएमचा. एकाच मापाचे दोन पंखे शेजारी ठेवले, एक १३५० फेऱ्यांचा आणि एक २४०० चा, तर डोळे मिटून १३५० चा उचला. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. हा सौदा आपल्या फायद्याचा आहे. भिंतीत जागा असेल तर ६ ऐवजी ८ इंची, पण कमी फेऱ्यांचा घ्यावा, तोही याच कारणासाठी. मोठा आणि वेगानेही फिरणारा आणलात तर मात्र हॉटेलच्या रांधपघरात बसल्यासारखं होईल.

डेसिबलचा आकडा छापलेला असेल तर एकच प्रश्न विचारा : किती अंतरावरून मोजलाय? तोच पंखा १ मीटरवरून मोजला आणि ३ मीटरवरून मोजला, तर मोकळ्या जागेत जवळजवळ साडेनऊ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे '२६ डेसिबल, ३ मीटरवर' आणि '३५ डेसिबल, १ मीटरवर' हे दोन्ही जवळपास सारखेच पंखे. एक खोकं हुशार, एवढंच. शिवाय ही मोजणी प्रयोगशाळेत होते. तुमच्या बाथरूमला चारी बाजूंनी टाइल्स, आवाज आपटून आपटून परत येणार. त्यामुळे आकडा तुलनेसाठी वापरा, 'घरी एवढाच येईल' असं समजू नका. बाहेरदेशी खोक्यांवर डेसिबलऐवजी 'सोन' लिहिलेलं असतं. तिथे १ किंवा त्याहून कमी असेल तर पंखा शांत. २ सोन म्हणजे कानाला १ च्या दुप्पट, हे माप तसं सरळ आहे. डेसिबलपेक्षा मला तेच बरं वाटतं, पण आपल्याकडे ते सहसा सापडत नाही. काहीच छापलेलं नसेल तर दुकानात पंखा लावायला सांगा, हातात धरून नव्हे, टेबलावर घट्ट दाबून. आणि दुकानातला छताचा पंखा तेवढ्यापुरता बंद करायला लावा, नाहीतर काय ऐकणार कपाळ?

दुसरी गोष्ट बेअरिंगची. स्वस्त पंख्यांत बुश असतं, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती तेल मुरवलेली साधी नळी; चांगल्यात बारीक गोळ्यांवर फिरणारं बॉल बेअरिंग. बुश नवं असताना बॉल बेअरिंगपेक्षाही गप्प चालतं, म्हणून दुकानात फसायला होतं. वाफ आणि धूळ मिळून त्यातलं तेल संपलं की रडू लागतं. भिंतीत आडवा बसणारा पंखा असेल तर बुशवर एकवेळ निभावतं. छताला बसवायचा असेल, म्हणजे दांडा उभा राहणार असेल, तर बॉल बेअरिंगच हवं. मोटर कुठली, हेही विचारा. साध्या छोट्या पंख्यांत शेडेड पोल मोटर येते. ती वीज खाते, तापते आणि गुणगुणते. कपॅसिटरवाली तिच्यापेक्षा बरी. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारी डीसी मोटर, सगळ्यांत शांत. मात्र वीजबिल वाचेल म्हणून बीएलडीसी घेऊ नका. ३० वॉटचा साधा पंखा रोज तासभर चालला तर महिन्याला एक युनिटही होत नाही. पहाटेच्या झोपेसाठी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या.

बसवणं. प्लायवूड काढून टाका. डक्टच्या बाजूच्या भिंतीतच कोअर कटिंगवाल्याकडून, म्हणजे यंत्राने हातोडा न मारता गोल कापणाऱ्याकडून, भोक पाडून घेता आलं तर उत्तम. आधी तिथे बीम किंवा कॉलम नाही ना, आणि सोसायटीची हरकत नाही ना, ते बघा. भिंत जड असते, ती थरथरत नाही. खिडकीतच बसवायचा झाला तर जाड, घट्ट पत्रा किंवा निदान १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, चौकटीला चारी बाजूंनी आवळलेलं, कडेने सिलिकॉन. पंखा आणि फळीच्या मध्ये साध्या रबराची किंवा ईपीडीएम या टिकाऊ कृत्रिम रबराची पट्टी. स्क्रू घट्ट करा, पण पट्टी चेपून तिचा पापड होईल इतके नकोत. मग ती असून नसल्यासारखी. उरलेल्या काचांच्या खाचांत पारदर्शक सिलिकॉनचा एकेक ठिपका द्या, त्या किणकिणायच्या थांबतील.

डक्टमध्ये वरच्या-खालच्या सगळ्या फ्लॅटचे पंखे हवा सोडतात. तेव्हा पंखा बंद असताना शेजारच्यांचं परत तुमच्याकडे येऊ नये म्हणून मागे झडप लागतेच. पडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची झडप वाऱ्याने फडफडते. स्प्रिंगची फुलपाखरी झडप किंवा रबरी पडद्याची झडप मिळाली तर ती घ्या. आणि एकदा गच्चीवर जाऊन डक्ट वरून पत्रा टाकून बंद केलाय का ते बघून या. पाऊस आत येतो म्हणून बरेच जण तसं करतात. बाजूने हवा जायला फट ठेवली नसेल तर दहा पंखे लावलेत तरी वाफ तिथल्या तिथेच फिरणार.

आता ज्याच्याकडे कुणीच बघत नाही ते : दार. पंखा हवा बाहेर टाकतो, तेवढीच आत कुठून तरी यायला हवी. हल्ली बाथरूमची दारं फायबरची, चौकटीला घट्ट बसणारी, खाली उंबरा. सगळं बंद करून पंखा लावला की तो बिचारा हवा ओढायला बघतो, मिळत नाही, पाती नुसती घुसळतात आणि आवाज चढतो. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत यासाठी दाराखाली १० मिलिमीटरची फट सांगितली आहे, ७६० मिलिमीटर रुंदीच्या दाराला. आपणही तेवढी ठेवावी, नाहीतर दाराच्या खालच्या अंगाला जाळी बसवावी. बघायची रीत देवघरातच आहे. पंखा लावून दार बंद करा आणि बाहेरून फटीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला तर ठीक. नुसता घुटमळत राहिला तर दार आधी, पंखा मागाहून.

वायरिंगचं थोडक्यात : पंखा शॉवरच्या माऱ्याबाहेर, तरी निदान आयपीएक्स४ चा, म्हणजे पाणी उडलं तरी आत न जाणारा. स्विच बाथरूमच्या बाहेर. पंखा धातूचा असेल तर अर्थिंग हवंच, आणि या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. खोक्यावर आयएसआयची खूण बघा. अशा पात्यांच्या पंख्यांसाठी आयएस २३१२ हे मानक आहे. सासरेबुवांसाठी स्विचच्या जागी टायमर लावून घ्या. आंघोळ झाल्यावर वीस मिनिटं चालून पंखा आपोआप बंद होईल. पूजेतून उठून कुणाला यायला नको.

प्रश्न : मांद्रे इथे आमचं होमस्टे आहे. एसी खोल्या, प्रत्येकीला अटॅच्ड बाथरूम. फॉल्स सीलिंगमध्ये चौकोनी जाळीचे पंखे बसवलेत, तिथून ४ इंची लवचीक चंदेरी पाइप वळणं घेत पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर. पाहुणे म्हणतात आवाज फार, आणि आरसा तर पुसतच राहावा लागतो. एकाच वर्षात स्क्रू गंजले. सगळे पंखे बदलू का? – एक वाचक, मांद्रे

उत्तर : आधी एका खोलीतली जाळी काढा, टॉर्च घेऊन सीलिंगच्या वर डोकं घाला आणि पाइप खरोखर भिंतीबाहेर गेलाय का बघा. पंख्यावरून निसटून जिप्समवर पडलेला पाइप ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मग सगळी वाफ सीलिंगच्या वर साठते आणि काही महिन्यांनी बोर्डावर पिवळे डाग उमटतात.

पाइप जागेवर असेल तर रोग उघड आहे. तुमचे पंखे पात्यांचे, ज्यांना अ‍ॅक्सिअल म्हणतात. त्यांचं काम भिंतीतून हवा सरळ पलीकडे ढकलायची. लांब पाइपातून, वळणांतून रेटायची ताकद त्यांच्यात नाही. त्यात पाइप खडबडीत, आणि ४ इंची. ४ इंचीपेक्षा ६ इंची पाइपचं तोंड सव्वादोन पट मोठं असतं, तेवढाच हवेचा वेग उतरतो आणि 'सूंऽऽ' बंद होतो. म्हणून सगळे पंखे बदलायचे खरे, पण त्याच जातीचे नकोत. इनलाइन पंखा घ्या. तो पाइपाच्या मध्ये बसतो, बाथरूमपासून लांब, जमल्यास पॅसेजच्या सीलिंगवर. बाथरूममध्ये नुसती जाळी उरते आणि गरगरणारं यंत्र पाहुण्याच्या कानापासून दूर जातं. लटकवायचा तो रबरी बुशांवर. स्लॅबला थेट बोल्ट मारलात तर वरच्या खोलीत ऐकू येईल. पाइप गुळगुळीत पीव्हीसीचा, काटकोनी एल्बोऐवजी दोन पंचेचाळीसचे. पंख्याच्या दोन्ही अंगांना मात्र वीतभर लवचीक तुकडा ठेवा, म्हणजे थरथर पाइपात उतरत नाही. खाली झाकण ठेवायला विसरू नका, नाहीतर पहिल्या दुरुस्तीला सीलिंग फोडाल.

पैसे वाचवायला दोन बाथरूमना एकच इनलाइन पंखा लावायचा मोह होईल. खर्चाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण पाइपातून एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत अगदी स्पष्ट जातं. होमस्टेला ते परवडणारं नाही.

पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार द्या. शेजारी एसी असल्यामुळे सीलिंगच्या वरची जागा गार राहते, वाफ पाइपातच पाणी होते. ते आत ठिबकण्याऐवजी बाहेर जाऊ दे. तोंड पश्चिमेला ठेवलंत, तिथेच समुद्र आणि तिथूनच नैर्ऋत्येचा मारा. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत जवळ असेल तर तिकडे वळवा. नसेलच तर खाली तोंड असलेली टोपी बसवा. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे मागा, ३०४ चे नकोत. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत टिकतं. पंख्याचं अंग प्लॅस्टिकचं बरं. रंगवलेल्या लोखंडाला तुमच्याकडे फार आयुष्य नाही.

आणि टायमर इथेही हवाच. पाहुणा पंखा चालू ठेवून बीचवर जातो आणि तुमच्या एसीची गार हवा दिवसभर बाहेर जात राहते. विजेचं बिल वाढतं ते पंख्याने नव्हे, त्यामुळे.

प्रश्न : आमचं वाळपईजवळ जुनं कौलारू घर. न्हाणी मागच्या अंगाला, चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत दीड फुटाची. मुलाने तिथे गॅस गिझर बसवला. लहान खिडकी पावसामुळे बंदच असते. वाफ कोंडते म्हणून एक्झॉस्ट फॅन लावावा म्हणतो. भिंतीला भोक पाडलं तर चिरा फुटेल का? – एक वाचक, सत्तरी

उत्तर : चिऱ्याचं नंतर बोलू. गिझर आधी न्हाणीतून बाहेर काढा, आणि तोवर खिडकी-दार बंद करून तो वापरू नका.

गॅस जळताना खोलीतला प्राणवायू खातो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि कडी आतून लावलेली असते. 'पंखा लावला की वायू निघून जाईल' हा समज धोक्याचा आहे. कोंडलेल्या खोलीत पंखा हवा बाहेर ओढायला लागला, की आत हवा यायला दुसरी वाट नसल्याने गिझरच्या धुराड्यातून जळका वायूच उलटा खाली येऊ शकतो. म्हणजे पंख्याने धोका वाढला. गिझर बाहेरच्या भिंतीला, पागोळ्या लागणार नाहीत अशा जागी, उघड्या हवेत बसवा आणि गरम पाणी पाइपने आत घ्या. भाऊ, हे काम चवथीपर्यंत लांबवू नका.

गिझर बाहेर गेल्यावर पंख्याची गरज राहील असं मला वाटत नाही. न्हाणीला वर सीलिंग नसेल तर कौलांच्या फटींतून वाफ आपसूक वर जाते. फ्लॅटवाल्यांनी हेवा करावा अशी ती सोय आहे. खिडकीला बाहेरून तिरकी झापं किंवा पत्र्याची पडवी काढा, म्हणजे पावसातही उघडी ठेवता येईल. तरीही पंखा हवाच असेल, तर चिऱ्याच्या भिंतीत छिन्नी-हातोडा नको. चिरा मऊ, भोकाभोवती ढासळतो, आणि जुन्या भिंतीत जोड मातीचे असले तर शेजारचाही हलतो. कोअर कटिंगच करा, भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, आत पीव्हीसीचा पाइप घालून कडेने सिमेंट भरा. चिरा पाणी पितो, पाइप नसेल तर वाफ भिंतीतच मुरेल. दीड फुटाच्या जाडीला ६ इंची साधा पंखा पुरतो.

प्रश्न : दमटपणा ओळखून आपोआप चालू-बंद होणारा सेन्सरवाला पंखा ऑनलाइन पाहिला. शांतही आहे म्हणतात. घ्यावा का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : जानेवारीत छान चालेल. जुलैत बंदच होणार नाही! हे सेन्सर हवेतली आर्द्रता अमुक टक्क्यांवर गेली की पंखा सुरू करतात. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरचीच हवा ८५-९० टक्क्यांची. सेन्सरला वाटतं, कुणीतरी अखंड आंघोळ करतंय.

यातून एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पंख्याकडून भलती अपेक्षा राहणार नाही. २६ अंशांच्या पूर्ण ओल्या हवेत घनमीटरला साधारण २४ ग्रॅम पाणी मावतं, ३५ अंशांच्या वाफाळलेल्या हवेत ४० च्या आसपास. आंघोळीनंतरची ती ४० ची हवा काढून २२-२४ ची आत आणणं, एवढंच पंख्याच्या हातात आहे. हे काम पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होतं. त्यानंतर तो पावसाळी हवाच आत-बाहेर करतो, भिंत काही सुकत नाही. म्हणून वीस मिनिटांचा टायमर पुरे, आणि आंघोळ झाली की भिंतीवरून, फरशीवरून वायपर फिरवून पाणी मोरीत लोटायचं. टाइल्सवर राहिलेलं ते पाणीच मग दिवसभर हवेत चढत असतं. बुरशी रोखायला सेन्सरपेक्षा वायपरचा उपयोग जास्त, आणि त्याचा आवाजही येत नाही.

प्रश्न : पंख्याचा आवाज कमी करायला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडला तर चालेल का? – एक वाचक, वास्को

उत्तर : नको. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लहरीचे तुकडे पाडतो, छोटी मोटर त्यावर आणखी गुणगुणते. टप्प्यांच्या रेग्युलेटरमधल्या कपॅसिटरचा हिशोब छताच्या पंख्याच्या मोटरसाठी केलेला असतो, इथे तो जुळत नाही. एक नंबरवर ठेवलात तर पंखा सुरू न होता नुसता तापेल, किंवा फिरेल पण शटर उघडण्याइतका जोर नसेल. बीएलडीसी पंख्याला तर रेग्युलेटर चुकूनही जोडू नका. दोन वेगांचा पंखा बाजारात मिळतो, तो घ्या. आंघोळीला कमी वेगावर आणि इतर वेळी गरज पडली तर वरच्या.

प्रश्न : पंखा दोन वर्षं गप्प होता, आता किंचाळतो. थोडं खोबरेल सोडलं की आठवडाभर बरा चालतो, मग पुन्हा तेच. – एक वाचक, साखळी

उत्तर : खोबरेल बंद करा. २४-२५ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे तुमच्या बुशमध्ये मेणच, आणि एरवी धूळ धरून त्याचा चिकटा होतो. एमसीबी पाडून पंखा उतरवा. पाती साबणाच्या पाण्याने धुवा, मोटरला पाणी लावू नका. एकाच पात्यावर जास्त मळ बसला तरी तोल जाऊन पंखा किंचाळतो, तेव्हा कदाचित इथेच काम होईल. बुशमधला चिकटा कापडाने पुसून शिवणयंत्राचं पातळ तेल दोन थेंब सोडा. मग पात्यांचा दांडा दोन बोटांत धरून वर-खाली हलवून बघा. हलला तर बुश झिजलेलं आहे, तेलाने ते भरून येणार नाही. साध्या पंख्याचं बुश बदलायची मजुरी नव्या पंख्याच्या किमतीच्या जवळ जाते; तेव्हा नवाच आणा, बॉल बेअरिंगचा.